सीओपीडीचा (श्वासनळ्या अरुंद होण्याचा जुनाट आजार) पेशंट व्हेंटवरून (श्वासाच्या मशीनवरून) उतरतच नाहीये, टी-पीसवर (मशीन काढून ट्यूबमधून स्वतः श्वास) २० मिनिटांत दमतो. काय बघायचं राहतंय?

रात्रपाळी_रेसिडेंट

नमस्कार मंडळी. मेडिसिनची रेसिडेंट आहे, सध्या आयसीयू पोस्टिंग चालू आहे. इथे चेस्टवाले आणि आयसीयूवाले बरेच जण वाचतात म्हणून विचारतेय.

पेशंट साठीच्या पुढचे काका, जुने स्मोकर, जुना सीओपीडी, पंप दिलेला होता पण मनात आलं तर घ्यायचे. न्यूमोनिया होऊन एक्झॅसर्बेशन झालं (आजार एकदम बळावला), बायपॅपवर (मास्कमधून श्वासाला आधार देणारं मशीन) जमलं नाही, गुंगीत गेले म्हणून श्वासनलिकेत ट्यूब टाकली. आता न्यूमोनिया निवळलाय, ताप नाही, बीपीची औषधं बंद, एफआयओटू (दिलेल्या हवेतला ऑक्सिजन) ३५ टक्के, पीप (श्वास सोडल्यावरही मशीन ठेवतं ते प्रेशर) ५, जागे आहेत, हात दाबा म्हटलं की दाबतात. म्हणजे कागदावर सगळं रेडी.

रोज सकाळी राउंडच्या आधी टी-पीसवर टाकतो. सुरुवातीला रॅपिड शॅलो इंडेक्स (श्वासाचा रेट भागिले एका श्वासातली हवा, कमी तेवढा बरा) ७५-८० येतो, म्हणजे १०५ च्या चांगला खाली. पहिली १५ मिनिटं झकास जातात आणि मग रेट २२ चा ३६-३८, मानेच्या शिरा ताणलेल्या, कपाळावर घाम, बीपी १३० चं १८०, आणि डोळे असे मोठे करून बघतात की मलाच बघवत नाही. मग परत व्हेंटवर. ट्रायल थांबवताना काढलेली एबीजी (धमनीतल्या रक्ताची गॅस तपासणी): पीएच ७.२७, सीओटू ६२. व्हेंटवरची मात्र एकदम पुस्तकी: पीएच ७.४६, सीओटू ४०, बायकार्ब (रक्तातली आम्लता सावरणारा क्षार) २८. रात्री पूर्ण कंट्रोल मोडवर (सगळे श्वास मशीनच देतं) आराम देतो, रेट २०, टायडल (एका श्वासाची हवा) ५०० मिली.

सिनियर म्हणतात अजून थोडं बघू नाहीतर ट्रॅक (गळ्याला छेद देऊन ट्यूब) करू. टी-पीस सोडून प्रेशर सपोर्ट (पेशंटने घेतलेल्या प्रत्येक श्वासाला मशीनचा आधार) रोज थोडा थोडा कमी करत जावं का? आणि नातेवाईक रोज विचारतात "मशीनची सवय लागली का हो त्यांना?", त्यांना काय सांगायचं?

---

कार्बन_धरणारा

चेस्टवाला आहे. तुमच्या पोस्टमधली मला सगळ्यात खटकलेली गोष्ट म्हणजे ती पुस्तकी एबीजी. या माणसाची घरची एबीजी कशी असते ते शोधलंत का? जुनी फाइल, मागच्या अ‍ॅडमिशनचे कागद, काहीच नाही मिळालं तर अ‍ॅडमिट झाले त्या दिवशीचं बायकार्ब तरी बघा. माझा अंदाज ते ३३-३४ च्या आसपास असणार. म्हणजे हे काका घरी ५५-६० सीओटूवर फिरत होते आणि किडनीने बायकार्ब धरून ठेवून पीएच सांभाळला होता. आपण ट्यूब टाकली, रेट २०, टायडल ५००, सीओटू ४० वर आणून ठेवला, मग किडनीने काय करायचं? तिने ते जादाचं बायकार्ब सोडून दिलं. आता टी-पीसवर टाकलं की सीओटू त्यांच्या नेहमीच्या जागी जायला बघणार, पण सांभाळायला बायकार्बच नाही.

गणित करून बघा. सीओटू ६२ आणि बायकार्ब २८, पीएच ७.२७ येतो, तुमचा आलाय तोच. हाच सीओटू ६२ बायकार्ब ३३ वर असता तर पीएच ७.३५ च्या आसपास राहिला असता, आणि त्या एबीजीकडे बघून कोणी ट्रायल फेल म्हटलं नसतं. अर्थात दम लागणं, घाम, बीपी याचं उत्तर एवढ्यात मिळत नाही, त्याकडे येतोच. पण आधी व्हेंट कमी करा. पीएच ७.३५-७.३८ ठेवा आणि सीओटू जो येईल तो येऊ द्या. एका रात्रीत नाही करायचं, हळूहळू, म्हणजे किडनीला परत बायकार्ब साठवायला वेळ मिळेल, तिला दोन-तीन दिवस लागतात. ऑक्सिजनचंही तेच, सॅच्युरेशन ८८ ते ९२ पुरे, ९८ बघून खूश व्हायचं कारण नाही.

दुसरं, ऑटो-पीप (आत अडकून राहिलेल्या हवेचं प्रेशर) मोजलात का? रेट २० म्हणजे एका श्वासाला ३ सेकंद, त्यातला एक सेकंद आत घेण्यात गेला, उरलेल्या २ सेकंदांत सीओपीडीचं फुफ्फुस रिकामं होतच नाही. हवा अडकते, छाती फुगलेली राहते, डायफ्रॅम सपाट होतो, आणि सपाट डायफ्रॅमला जोर लावता येत नाही. आधीच ठासून भरलेल्या पोत्यात आणखी भरायला लावल्यासारखं आहे ते. रात्री कंट्रोल मोडवर पेशंट स्वतः जोर लावत नसेल तेव्हा एक्स्पिरेटरी होल्ड (श्वास सोडल्यावर मशीन क्षणभर थांबवणं) करा, आकडा मिळेल. जागा असताना होल्डचा आकडा फसवा येतो, तेव्हा फ्लोचा ग्राफ बघा, पुढचा श्वास सुरू व्हायच्या आधी रेघ शून्यावर पोचते का.

आणि एक फुकटातली टेस्ट. प्रेशर सपोर्टवर असताना पोटावर हात ठेवून एक मिनिट त्यांचे प्रयत्न मोजा, मग मशीनवरचा रेट बघा. हाताखाली २८ आणि मशीनवर १८ असेल तर दर मिनिटाला दहा वेळा माणूस जोर लावतोय आणि मशीनला पत्ता नाही. स्क्रीनवर रेट १८ बघून सगळे म्हणतात किती छान कम्फर्टेबल आहे. असं दिसलं तर बाहेरचा पीप ऑटो-पीपच्या ७०-८० टक्क्यांपर्यंत न्या, सपोर्ट जास्त असेल तर कमी करा, आणि एक्स्पिरेटरी ट्रिगर (फ्लो कमाल फ्लोच्या किती टक्क्यांवर उतरला की मशीनने ढकलणं थांबवायचं तो आकडा) २५ टक्क्यांवर असेल तर ४०-५० वर न्या. यांचा फ्लो इतका हळू उतरतो की २५ टक्क्यांची वाट बघत मशीन ढकलतच बसतं, तोवर पेशंटला सोडायचं असतं.

---

आयसीयू_ताई

डॉक्टरांनी बरंच सांगितलं, मी नर्सिंगच्या बाजूने लिहिते, बरीच वर्षं आयसीयूतच काढलीत.

मॅडम, तुम्ही ट्रायल राउंडच्या आधी घेता म्हणजे किती वाजता? कारण बहुतेक युनिटमध्ये काय होतं, पहाटे रक्त काढायचं, मग स्पंजिंग, चादर बदलायची, कुशीवर वळवायचं, पोर्टेबल एक्सरे, मग फिजिओ येऊन छाती ठोकून जातात, आणि या सगळ्यानंतर लगेच आपण म्हणतो चला आता टी-पीस. माणूस तिथेच अर्धा दमलेला असतो. रात्रीची झोप किती झाली ते रात्रपाळीच्या सिस्टरला विचारा. "शांत होता" आणि "झोपला होता" यात फरक असतो, मिडाझोलाम (गुंगीचं औषध) चालू असेल तर डोळे मिटलेले असतात पण झोप नसते, आणि ते औषध अंगात साठून सकाळी नडतं ते वेगळं.

ट्रायलच्या आधी आमच्याकडे काय बघतो ते सांगते. नेब्युलायझेशन किंवा पंप आधी झालेला असावा, १५-२० मिनिटं तरी. नेब देताना एचएमई फिल्टर (आत जाणारी हवा ओलसर-उबदार ठेवणारा) काढलाय ना ते बघा, नाहीतर औषध फिल्टरलाच मिळतं. तो फिल्टर कफाने ओला आणि जड झाला असेल तर बदला, त्यातून ओढायला खूप जोर लागतो आणि कोणाच्या लक्षातही येत नाही. सक्शन करून घ्या पण अगदी ट्रायल सुरू करताना नको, थोडं सावरू दे. पलंग चांगला उभा करा, जमत असेल तर पाय खाली सोडून बसवा. पोट फुगलंय का, संडास कधी झाली, हे पण विचारा, हसू नका, फुगलेलं पोट डायफ्रॅमला वर ढकलतं. आणि ट्यूब कितीची आहे? ७ ची असेल आणि आत कफ सुकून चिकटला असेल तर सक्शन कॅथेटर आत जाताना अडखळतो, तेव्हा समजायचं.

आणि सगळ्यात मेन, कोणीतरी जवळ उभं राहा. ट्यूब आहे, बोलता येत नाही, हवा मिळत नाही असं वाटतंय आणि सगळे मॉनिटरकडे बघतायत. घड्याळ दाखवून सांगायचं की अर्धा तास करायचाय, मी इथेच आहे, नाही जमलं तर लगेच मशीन लावते. घाबरल्यामुळे रेट वाढणं आणि खरंच दमल्यामुळे वाढणं यातला फरक शेजारी उभं राहिल्यावरच कळतो.

---

डावा_कप्पा

वरच्या दोघांनाही +१, पण मला वेगळीच शंका येतेय. बीपी १३० वरून १८०, घाम, आणि सगळं साधारण १५-२० मिनिटांनी. हृदय बघितलंय का कोणी?

व्हेंट काढलं की छातीतलं प्रेशर पॉझिटिव्हचं निगेटिव्ह होतं, हृदयाकडे येणारं रक्त वाढतं, डाव्या व्हेंट्रिकलवरचा लोड वाढतो, वर घाबरल्यामुळे अ‍ॅड्रिनलिन, आणि ज्याला आधी कधी हार्टचा त्रास माहीत नाही त्याच्याही फुफ्फुसात पाणी यायला लागतं. आणि जुना स्मोकर म्हटल्यावर कोरोनरी धड असतील असं कोणी धरू नये. हे काही नवीन नाही, लमेर आणि मंडळींनी १९८८ मध्येच सीओपीडीच्या पेशंटमध्ये हे दाखवलंय, व्हेंट काढल्यावर वेज प्रेशर (हृदयाच्या डाव्या बाजूचं प्रेशर दाखवणारं माप) कसं चढतं ते, आणि त्यातले बरेच जण डाययुरेटिकने (लघवी वाढवणाऱ्या औषधाने) पाणी काढल्यावर नंतर व्हेंटवरून उतरलेही. तरीपण सीओपीडी लेबल लागलं की सगळे फुफ्फुसाकडेच बघत बसतात.

करायचं काय तर ट्रायलच्या आधी आणि फेल होतानाच्या क्षणी, व्हेंट परत लावायच्या आत, इको करा. बीएनपी (हृदयावरचा ताण दाखवणारी रक्ततपासणी) आधी-नंतर. ईसीजी पण. अ‍ॅडमिशनपासूनचा फ्लुइड बॅलन्स जोडून बघा, रोजचा नाही, एकूण. बहुतेक वेळा तो आकडा बघून आपणच चाट पडतो. जास्त असेल तर फ्युरोसेमाइड (डाययुरेटिक), बीपी चढत असेल तर ट्रायलच्या वेळी नायट्रेट (रक्तवाहिन्या सैल करणारं औषध). फक्त पोटॅशियम सांभाळा, आणि डाययुरेटिकने अल्कलोसिस (रक्ताचा पीएच वर जाणं) वाढतो हेही लक्षात असू द्या.

---

कार्बन_धरणारा

@डावा_कप्पा, बरोबर, बीपीचा मुद्दा मी "येतोच" म्हणून सोडून दिला होता, तुम्हीच घेतलात. इको करायलाच हवा.

अल्कलोसिसवरून कोणीतरी अ‍ॅसिटाझोलामाइड (बायकार्ब लघवीतून बाहेर काढणारं औषध) द्या म्हणेल त्याआधीच सांगतो, २०१६ मध्ये ३८२ पेशंटवर त्याची मोठी ट्रायल झाली, व्हेंटचे दिवस म्हणण्यासारखे कमी झाले नाहीत. मी रूटीन देत नाही.

---

प्रेशर_सपोर्ट_प्रेमी

पण मूळ प्रश्न राहिलाच की! टी-पीस का प्रेशर सपोर्ट?

रोज दोन-दोनने सपोर्ट कमी करत बसू नका असं माझं मत. १९९५ ची एस्तेबानची ट्रायल बघा, दिवसातून एकदा टी-पीस देऊन बघितलेले पेशंट एसआयएमव्हीपेक्षा (ठरलेले श्वास मशीनचे, मधले पेशंटचे, असा मोड) साधारण तिप्पट आणि प्रेशर सपोर्ट उतरवत नेण्यापेक्षा साधारण दुप्पट वेगाने सुटले. आदल्या वर्षीच्या ब्रोशारच्या ट्रायलमध्ये उलट प्रेशर सपोर्ट पुढे होता, पण एसआयएमव्ही दोन्हीकडे मागेच. त्यामुळे कोणी अजून एसआयएमव्हीचा रेट उतरवत असेल तर कृपया थांबा.

आता ट्रायल कशावर घ्यायची हा वेगळा प्रश्न. २ तास टी-पीस ही सीओपीडीवाल्यासाठी फारच कडक परीक्षा आहे. २०१९ मध्ये ३० मिनिटं प्रेशर सपोर्ट ८ विरुद्ध २ तास टी-पीस अशी तुलना झाली, ८२ टक्के विरुद्ध ७४ टक्के सुटले. मी तर ८ वर अर्धा तास बघतो, जमलं की काढतो.

---

डावा_कप्पा

इथे मात्र माझं जमत नाही तुमच्याशी. त्या ट्रायलमध्ये सगळ्या प्रकारचे पेशंट होते. या काकांना ८ चा सपोर्ट आणि ५ चा पीप दिलात तर अर्धा तास आरामात काढतील, कारण हार्टला तोच आधार आहे. ट्यूब काढल्यावर तो आधार जाणार आणि रात्री दोन वाजता पुन्हा ट्यूब टाकायला तुम्हालाच बोलावणार. हार्टची शंका असेल तोपर्यंत टी-पीसच बरा, निदान रोग उघडा पडतो. रीइंट्यूबेशन झालेल्यांचं पुढे काय होतं ते सगळ्यांना माहितीये.

---

प्रेशर_सपोर्ट_प्रेमी

मान्य, पण ट्यूब काढून साध्या मास्कवर ठेवा असं मी कुठे म्हटलं? सीओपीडीवाल्याची ट्यूब काढली की लगेच बायपॅप, त्याच मिनिटाला. तो पीपचा आधार जातच नाही मग. २०२२ मध्ये हाय रिस्क पेशंटवरच टी-पीस विरुद्ध प्रेशर सपोर्ट झालंय, व्हेंटविना काढलेल्या दिवसांत फरक आला नाही. म्हणजे तुमचं टी-पीसही चालेल, माझंही चालेल, भांडू नका असं ते सांगतात :)

उलट या पेशंटला तर मी पुढची पायरी सुचवेन. टी-पीस फेल होत असतानाच ट्यूब काढून थेट बायपॅपवर घ्यायचं. स्टेफानो नावा यांची १९९८ ची ट्रायल अशाच पेशंटवर आहे, सीओपीडी, ४८ तासांनी टी-पीस फेल, मग अर्ध्यांची ट्यूब काढून मास्क आणि अर्धे ट्यूबवरच. ६० दिवसांनी व्हेंटवरून सुटलेले ८८ टक्के विरुद्ध ६८, जिवंत ९२ विरुद्ध ७२. एकूण ५० च पेशंट होते हे खरं, आणि २०११ च्या मोठ्या फ्रेंच ट्रायलमध्ये पुन्हा ट्यूब टाकण्याचं प्रमाण काही कमी झालं नाही, तेव्हा डोळे झाकून करू नका. पण जागा आहे, खोकतो, कफ आटोक्यात आहे, मास्क चेहऱ्यावर नीट बसतो, हे सगळं असेल तर ट्रॅकच्या आधी हे एकदा करून बघण्यासारखं आहे.

फक्त बायपॅप आधीपासून लावा. दम लागल्यावर, सीओटू चढल्यावर लावू म्हणून वाट बघत बसलात तर त्याचा उपयोग होत नाही, पुन्हा ट्यूब टाकायला उशीर तेवढा होतो.

---

आयसीयू_ताई

खोकला तपासायची आमची जुनी पद्धत सांगते, ट्यूबच्या तोंडाशी दोन-तीन बोटांवर पांढरा कागद धरायचा आणि खोकायला सांगायचं. कागद ओला झाला पाहिजे. तासातासाला सक्शन लागत असेल तर बायपॅपचा विचार सुद्धा नको, मास्कखाली कफ साचून बसतो.

---

वाचनमात्र_होते

मी डॉक्टर नाही, बरीच वर्षं इथे नुसतं वाचते. माझ्या सासऱ्यांचं असंच झालं होतं, शेवटी ट्रॅक केलं. तुमच्या शेवटच्या प्रश्नासाठी लिहितेय, नातेवाइकांना काय सांगायचं.

आम्हाला रोज संध्याकाळी एक जण यायचे आणि म्हणायचे "आज पण फेल गेले". हा फेल शब्द घरी गेल्यावर डोक्यात फिरत राहतो. आम्हाला वाटायचं सासरेच प्रयत्न करत नाहीयेत, दीर तर त्यांना जाऊन म्हणायचे, बाबा जरा हिंमत करा. ते बिचारे डोळ्यांतून पाणी काढायचे. मग एक दिवस तिथल्या फिजिओने नीट समजावलं की अहो, मशीन काम करत होतं तेव्हा त्यांच्या श्वासाचे मसल आक्रसलेत, ते परत तयार व्हायला वेळ लागतो, हिंमतीचा काय संबंध. त्या दिवसापासून आमचं बोलणंच बदललं. ट्रॅक म्हणजे आता संपलं असंही आम्हाला वाटलं होतं, तेही कोणी आधी सांगितलं असतं तर रडारड वाचली असती. नंतर रोज थोडा थोडा वेळ मशीन काढून ठेवायचे, गळ्याला नुसता ऑक्सिजन, आधी दिवसा मग रात्री पण. चमच्याने पाणी प्यायले त्या दिवशी आम्ही सगळ्यांना फोन केले होते.

---

कार्बन_धरणारा

वहिनी, फार चांगलं लिहिलंत. फिजिओ बरोबर सांगत होते. २००८ मध्ये अमेरिकेत ब्रेनडेड अवयवदात्यांच्या डायफ्रॅमचे तुकडे तपासले होते, १८ ते ६९ तास डायफ्रॅम पूर्ण बंद राहिला तेवढ्यात त्याचे तंतू बारीक झालेले दिसले. म्हणून रेसिडेंट मॅडम, रात्रीचा "आराम" म्हणजे पूर्ण कंट्रोल नको. दमलेल्या मसलला विश्रांती हवी हे खरं, पण पेशंट स्वतः ट्रिगर करेल इतपत काम राहू द्या.

ट्रॅकनंतरचंही त्यांनी सांगितलं तसंच आहे. २०१३ च्या ट्रायलमध्ये गळ्याला नुसता ऑक्सिजन लावून मशीन काढून ठेवलेले पेशंट साधारण १५ दिवसांत सुटले, प्रेशर सपोर्ट उतरवत नेलेले १९ दिवसांत.

फॉस्फेट, मॅग्नेशियम बघा. स्टेरॉइड कधीपासून चालू आहे तेही, पायही उचलता येत नसतील तर श्वासाचे मसल कसे चालतील? फीडच्या कॅलरी एकदा मोजा, गरजेपेक्षा जास्त भरवलं की सीओटू जास्त तयार होतो आणि तो बाहेर टाकायचं काम पुन्हा त्याच मसलवर येतं.

---

रात्रपाळी_रेसिडेंट

सगळ्यांचे खूप आभार, एवढं येईल असं वाटलं नव्हतं. सगळं प्रिंट काढून सिनियरला दाखवलं (नावं झाकून).

जुनी फाइल मुलाकडे घरी होती, त्यात मागच्या वर्षीची एबीजी: पीएच ७.३७, सीओटू ५८, बायकार्ब ३३. ऑटो-पीप ९ निघाला. पोटावर हात ठेवून मोजलं तर २६ आणि मशीनवर १७, मी दोनदा मोजलं, विश्वास बसेना. आता रात्री रेट १२, टायडल ४२०, पीप ७. फॉस्फेट कमी होतं, देतोय. एकूण बॅलन्स बराच प्लसमध्ये, आणि ट्रायल फेल होताना इको केला तर लेफ्ट साइडची प्रेशर वाढलेली, त्यामुळे डाययुरेटिक सुरू केलंय. आज टी-पीस दिलाच नाही, बायकार्ब ३१ पर्यंत आलंय, अजून थोडं थांबू. ट्रायलची वेळ ११ ची केली, स्पंजिंगनंतर तासभर त्यांना कोणी हात लावायचा नाही असं ठरलंय. पुढची ट्रायल जमली तरी आणि काठावर राहिली तरी ट्यूब काढून थेट बायपॅप, हे सिनियरनी मान्य केलंय. कागद ओला होतो :)

"फेल" शब्द बोर्डवरून पुसला.

एकच शेवटचं, बायपॅप घरी पण लागेल का? डिस्चार्जच्या वेळची एबीजी बघून ठरवायचं का?

---

कार्बन_धरणारा

डिस्चार्जच्या एबीजीवर ठरवू नका, त्या वेळी बऱ्याच जणांचा सीओटू चढलेलाच असतो आणि नंतर आपोआप उतरतो. २ ते ४ आठवड्यांनी पुन्हा बोलवा, स्टेबल असताना एबीजी काढा. तेव्हाही सीओटू ५३ च्या वर असेल तर रात्रीचा बायपॅप घरी द्या. २०१७ च्या ब्रिटिश ट्रायलमध्ये नुसत्या होम ऑक्सिजनवर पुन्हा अ‍ॅडमिशन किंवा मृत्यूपर्यंतचा काळ १.४ महिने होता, सोबत बायपॅप दिल्यावर ४.३ महिने. फॉलोअपची तारीख डिस्चार्ज कार्डवरच लिहा आणि मुलाच्या हातात द्या, जुनी फाइल सांभाळणारा तोच दिसतोय.